ते दूध नव्हतं, ताई

ताई,

तुझ्या फ्रीजमधलं विरजण मेलं. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर सगळ्यात आधी तेच विचारलं असतंस.

तू गेल्यावर घरात डबे येत होते, माणसं येत होती. दूध कोण तापवतंय, कोण आत ठेवतंय, कोणालाच पत्ता नव्हता. वरच्या कप्प्यात मागे सरकवलेली ती झाकणाची स्टीलची वाटी कोणी पाहिलीच नाही. तेरावं झाल्यावर सईनं फ्रीज आवरायला काढला, झाकण उघडलं, तर आत नुसती बुरशी. तुझी लेक तोवर रडली नव्हती. हॉस्पिटलात नाही, आम्ही स्मशानातून परतलो तेव्हाही नाही. ती वाटी हातात धरून ओट्याला टेकली आणि रडायला लागली. मी शेजारी उभा. पेशी जगवायचा पगार घेणारा माणूस, आणि बहिणीच्या घरातलं चमचाभर दही जगवायचं त्याला सुचलं नाही.

तुझ्याशी जे बोलायचंय ते त्या वाटीपासूनच सुरू होतं. मी बोलणार म्हणतोय, हे ऐकून तुझ्या भुवया उंचावल्या असतील. 'घुम्या बोलणार? पेढे वाटा.'

घुम्या हे नाव तूच ठेवलंस. लालबागच्या खोलीत मला तहान लागली तरी ती तूच जाहीर करायचीस. "आये, ह्येका पाणी होया." दुकानात माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या तू मागायचीस, मी फक्त बोट दाखवायचो. शाळेत तोंडी परीक्षेला बाईंनी कविता म्हणायला सांगितली आणि मी जमिनीकडे बघत राहिलो, तेव्हा त्यांनी वरच्या वर्गातून तुला बोलावून घेतलं. तू आलीस, माझ्या कानाशी पहिली ओळ पुटपुटलीस, पाठीत एक बुक्की घातलीस आणि मी धडाधडा म्हणून टाकली. बाई म्हणाल्या, "याला बहिणीसकट पास करायला हवं." माझं सगळं आयुष्य मी बहिणीसकट पास झालो. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशीसुद्धा तू कांदिवलीहून फोनवर माझी उत्तरं घोकून घेतली होतीस. स्टेम सेल म्हणजे काय हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण 'मान वर करून बोल' एवढं मात्र ठाऊक होतं.

आयुष्यात एकदाच असं झालं की तुझ्यासाठी मी बोलायला हवं होतं.

तुझा अटॅक तुझ्यासारखाच होता. सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग चाललेली. बिल्डरचा माणूस 'दोन वर्षांत पझेशन' म्हणत होता आणि तू उभी राहून 'लिहून दे' म्हणत होतीस. छातीत दुखत होतं, हात जड झाला होता, घाम फुटला होता. तू सोडा प्यायलीस आणि बसून राहिलीस. नंतर मला म्हणालीस, "अरे, त्याला बोलून झाल्याशिवाय उठणार कशी?" हॉस्पिटलात पोचायला दुसरा दिवस उजाडला. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक मोठा भाग तोवर गेला होता. डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला कागदावर चित्र काढून दाखवलं. हा भाग आता आकुंचन पावत नाही, इथं व्रण झालाय, आणि गेलेला स्नायू परत येत नाही. मला हे चित्र नवं नव्हतं. माझ्या कामाची सुरुवातच त्या शेवटच्या वाक्यापासून होते.

तू पलंगावरून विचारलंस, "काय म्हणतात? एक विंग पडली ना? मग करा रिडेव्हलपमेंट. बिल्डर घरचाच आहे."

सगळे हसले. नर्ससुद्धा. मीही हसलो.

आमच्या पवईच्या संस्थेत वर्षातून एकदा घरच्यांना प्रयोगशाळा दाखवतात. तू इतक्या वर्षांत कधी आली नव्हतीस. त्या वर्षी सईला घेऊन आलीस. अजून चालताना धाप लागायची, तरी केसात गजरा. आत जाताना टोपी घालावी लागते म्हटल्यावर गजऱ्यासाठी तुझी आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीची बारीकशी वादावादीही झाली. मग मी तुला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. खाली बशीत गुलाबी पाण्यात पेशींचा एक पातळ थर होता. रक्तातल्या पेशींना आधी मागं, अगदी मुळाच्या अवस्थेत न्यायचं, मग पुढं ढकलून त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या पेशी तयार करायच्या, असं ते काम. काही दिवसांनी त्या आपल्या आपण ठोके द्यायला लागतात. कोणी शिकवत नाही. इतकी वर्षं बघतोय, पण बशी बाहेर काढली की आधी तेच बघतो, चाललंय ना.

तू डोळा लावलास आणि गप्प झालीस. तू. गप्प.

मग हळूच म्हणालीस, "अगं बाई. धडधडतंय रे हे."

"हं."

"कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही, ताई. बशीतलं आहे."

"असं कसं कोणाचंच नाही? धडधडतंय म्हणजे कोणाचं तरी असणारच." तू पदराचं टोक डोळ्यांना लावलंस आणि सईला ढकलून पुढं केलंस. "बघ, तुझा मामा काय करतो ते. आणि आपल्याला वाटायचं हा नळ्या धुतो."

तेव्हा मला काय झालं ते आज लिहितो. तू माझ्याकडे मान वर करून पाहिलंस. मी कायम तुझ्याकडे तसं बघत आलो. उलट पहिल्यांदाच झालं. मला ते फार आवडलं.

कँटीनमध्ये इडली खाताना तू विचारलंस, "मग हे माझ्यात घालणार कसं? बशी फोडून?" आणि मी, ज्याला चार माणसांत धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्यानं एक सोपी उपमा दिली. म्हटलं, "समज विरजण. चमचाभर चांगल्या पेशी खराब झालेल्या भागात घालायच्या. त्या तिथं रुजायच्या, वाढायच्या."

"आणि सगळं लागायचं!" तू टाळी वाजवलीस. "हे आधी नाही का सांगायचं? हे तर मी रोज करते."

कशी दिसत होतीस तू! तू लालबागहून सासरी निघालीस तेव्हा आईनं बरोबर दिलेलं विरजण तू आयुष्यभर मोडू दिलं नाहीस. गावाला गेलीस तर चौथ्या मजल्यावरच्या नलिनीबेनकडे ठेवून जायचीस, आल्यावर परत आणायचीस. माझ्याही घरी तेच. तुझ्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत तेच. फक्त दिवेलागणीनंतर कोणी वाटी घेऊन आलं तर दारातूनच परत. "आता नाही गं, दिवे लागले. सकाळी ये." विरजण कसं लावायचं, किती कोमट, किती वेळ हलवायचं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. आणि मी तुझ्या हृदयाचा सगळा प्रश्न त्या वाटीत नेऊन ठेवला. तिथं तुला सगळं कळत होतं. तिथं तू कधीच फसली नव्हतीस.

पण ते दूध नव्हतं, ताई.

दुधात लागायची तयारी असते. व्रणात नसते. तिथं नवीन पेशींना ना रक्त नीट मिळतं, ना धरून राहायला काही. सोडलेल्या पेशींतल्या बहुतेक मरतात किंवा वाहून जातात. राहतात त्या तान्ह्या असतात, त्यांना मोठ्या हृदयाची चाल माहीत नसते. त्या आपल्या तालात ठोके द्यायला लागल्या तर उरलेल्या चांगल्या हृदयाचीही लय बिघडू शकते. जगभर माणसं यावर काम करतायत, थोड्या थोड्या रुग्णांवर जपून चाचण्याही होतायत, आणि मला मनापासून वाटतं की हे एक दिवस जमेल. पण तुझ्यासाठी, तुझ्या त्या वर्षात, कांदिवलीहून जाऊन घेता येईल असं काही नव्हतं. आणि आमच्या बशीतल्या पेशी तर कोणाच्या छातीत जाण्यासाठी नव्हत्याच. आम्ही त्यांच्यावर औषधं तपासतो, त्या कशा वाढतात ते समजून घेतो. एवढंच.

बघ, किती वेळ लागला सांगायला? इडली थंड झाली नसती.

नाही सांगितलं. तू बिल्डिंगभर सांगत सुटलीस, 'माझा भाऊ हृदयाचं विरजण लावतो.' मला लिफ्टमध्ये लोक नमस्कार करायला लागले. तू दर शनिवारी फोन करून विचारायचीस, "काय, लागलं का?" मी म्हणायचो, "चाललंय." तू म्हणायचीस, "तुझ्या त्या उबदार पेटीत एक दिवस माझं दही लाव की. झकास लागेल." मी म्हणायचो, "ताई, नोकरीवरून काढतील." एकदा भाऊजींनी जेवताना सरळ विचारलं, "अजून किती वर्षं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन-तीन वर्षांत काहीतरी होईल." तू लगेच वाढायचा डाव माझ्यावर रोखलास. "लिहून दे!" पुन्हा सगळे हसले. बिल्डरच्या माणसाला तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. मला सोडलंस.

मग डॉक्टरांनी ती डबी सुचवली. छातीत वरच्या बाजूला, कातडीखाली बसवायची. तुझ्यासारख्या कमजोर हृदयाला धोका असतो तो ठोके एकदम वेडेवाकडे होण्याचा. तसं झालं तर ती डबी आतून झटका देते आणि हृदय ताळ्यावर आणते. तुला ती नको होती. ब्लाऊजमधून दिसेल, शॉक बसेल, 'डबी बसवली म्हणजे मी कायमची पेशंट', तुझी कारणं रोज बदलत होती. भाऊजी मागं लागले होते, सई मागं लागली होती.

आणि तू मला फोन केलास. मी हातमोजे काढून बाहेर आलो.

"काय रे घुम्या, बिझी?"

"पेशींचं पाणी बदलतोय."

"बदल, बदल. एकच विचारायचंय. ही डबी बसवून घेऊ, का तुझ्या विरजणासाठी थांबू?"

हसत विचारलंस. मागं तव्यावर पोळीचा वास येतोय असं वाटावं इतकं रोजच्यासारखं. पण प्रश्न संपल्यावर तू थांबलीस. तू कधी थांबत नाहीस. प्रश्न विचारून उत्तरही तूच देतेस. त्या थांबण्यावरूनच मला कळलं की ही मस्करी नाही.

मी म्हणालो, "बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू, ताई. पेशी बाहेर आहेत. ठेवतो."

"ठेव, ठेव. त्यांना सर्दी होईल."

एवढंच. त्या दिवशी मी खोटं बोललो नाही. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं.

त्यानंतर तू डबी पुढं ढकलत राहिलीस. गणपती होऊ दे, नवरात्र होऊ दे, घर रिकामं करायची तारीख कळू दे. मग एका सकाळी भाजी घेऊन येताना तू सोसायटीच्या गेटपाशी खाली बसलीस. वॉचमननं खुर्ची आणली तोवर तू गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, लय बिघडली. 'डबी असती तर' हे ते म्हणाले नाहीत. भला माणूस. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून ते वाक्य त्यांच्या वतीनं मनात पुरं केलं.

भाऊजी मला धरून म्हणाले, "तुमचं ते थोडं लवकर झालं असतं ना, तर ती वाचली असती." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाही गप्पच. तेरा दिवस त्या घरात मी सतरंज्या घातल्या, खुर्च्या लावल्या, चहाचे कप विसळले. बोललो नाही.

सई ती वाटी घेऊन रडत होती तेव्हा मात्र राहवलं नाही.

"सई, तुझ्या आईनं मला फोन केला होता. डबी बसवायची का म्हणून."

"माहितीये."

"मी 'बघू' म्हणालो."

"तेही माहितीये, मामा. तू स्पीकरवर होतास. मीच पोळ्या लाटत होते." तिनं नाक पुसलं. "फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, मामा 'थांब' नाही म्हणाला. तर म्हणते कशी, 'बसव' तरी कुठं म्हणाला?"

मी म्हटलं, "मला सांगायला हवं होतं. ते होणार नव्हतं, सई. तिच्यासाठी नव्हतंच ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुझीच नजर. मग म्हणाली, "तुला काय वाटतं, आईला कळलं नव्हतं? डॉक्टर 'बसवा' म्हणत होते. बाबा म्हणत होते. मी तर रोज भांडत होते. 'नको' म्हणणारं तिला कोणीच मिळत नव्हतं. मग तिनं तुला फोन लावला. तू गप्प बसशील हे तिला माहीत होतं."

"तू रागावलीयस माझ्यावर."

"हो. तिच्यावरपण. आता बाजूला हो, वाटी घासू दे."

ताई, त्या क्षणापासून मी तुझ्याशी भांडतोय. हे भांडण आपल्यात राहूनच गेलं. तू मला वापरलंस ना? सगळ्या जगाशी चढ्या आवाजात बोलणारी तू, एवढीशी डबी घालून घ्यायला घाबरलीस आणि माझ्या गप्पपणामागं लपलीस. घाबरलेय म्हणून सांगितलं असतंस तर? मी आलो असतो. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तुझा हात धरून चाललो असतो. न बोलता बरोबर चालणं मला छान जमतं. पण भीती वाटते हे तू आयुष्यात कोणाला बोलली नाहीस. तुझ्या बडबडीत तेवढं एक कधी आलं नाही. म्हणजे आपण दोघंही घुमेच. फक्त तुझा आवाज मोठा होता.

असं म्हणून मी सुटत नाही, हे मला कळतं. तू लपलीस, पण आडोसा मी दिला. शाळेत मी अडलो तेव्हा तू कानात पहिली ओळ सांगून पाठीत बुक्की घातलीस. तू अडलीस तेव्हा मला एक शब्द पुरला असता. 'बसव.' त्या एका फोनवर तू ऐकलं असतंसच असं नाही. शिव्या घातल्या असत्यास, 'मेल्या, तुका काय कळता' म्हणाली असतीस. मग मी पुन्हा म्हणालो असतो. दर शनिवारी म्हणालो असतो. तुझ्या त्या 'लागलं का' ला हेच उत्तर दिलं असतं.

भाऊजींनाही मी शेवटी सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "चहा घेणार?" आणि स्वतः उठले. चहात साखर नव्हती. विसरले की मुद्दाम, कळलं नाही. मी प्यायलो.

संध्याकाळी निघताना चौथ्या मजल्यावर गेलो. नलिनीबेनना म्हटलं, "ताईचं विरजण आहे का तुमच्याकडे? आमचं गेलं." माझ्या घरचंही या दिवसांत मोडलं होतं. त्यांनी मला दारातच थांबवलं, देवाच्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आलेले. म्हणाल्या, "भाई, दिवे लागले. ताई रागावेल. सकाळी या ना." मी सकाळी परत आलो. मुलुंडहून कांदिवलीला, चमचाभर दह्यासाठी. अर्धं सईला दिलं. तिनं दूध कोमट करायला ठेवलं.

परवा कामावर एक फोन आला. असे फोन आमच्याकडे येतात. कुठं काहीतरी वाचून, ऐकून लोक विचारतात. मी नेहमी 'ईमेल करा' म्हणून ठेवून द्यायचो. घाटकोपरहून एक बाई बोलत होत्या. नवऱ्याचं हृदय कमजोर झालंय, डॉक्टर ऑपरेशन सांगतात, आणि कोणीतरी एक जागा सांगितलीय, तिथं स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, हृदय नवं होतं म्हणे. आवाज हसरा होता. घाबरलेली माणसं हसऱ्या आवाजात बोलतात, हे आता मला ओळखू येतं.

"मग ऑपरेशन थोडं पुढं ढकलून हे करून बघू का?" असं विचारून त्या थांबल्या.

पेशी बाहेर होत्या. राहू दिल्या.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग सांगितलं. बशीतलं सगळं सांगितलं, व्रणाचं सांगितलं, आज काय होत नाही ते सांगितलं. एकही उपमा दिली नाही. ऑपरेशनबद्दल शंका असेल तर दुसऱ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, पण याच्यासाठी थांबू नका, म्हटलं. त्या चिडल्या. "मग इतकी वर्षं तुम्ही लोक करता काय?" म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. फोन ठेवला नाही.

मग त्यांनी अगदी बारीक आवाजात पुन्हा विचारलं, "म्हणजे थोडंसुद्धा थांबायचं नाही?"

मी मान वर केली.

"नाही, ताई."